गोधडी एक, हात पाच गावांतले: कोणती पद्धत घ्यावी?

पाच मैत्रिणी, पाच गावं. एक नागपुरात, एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक अमरावतीत, एक पार न्यू जर्सीत. मिळून एक गोधडी करायची हे ठरलं, पण काम वाटून कसं घ्यायचं ते ठरेना, अशांसाठी हे लिहिते आहे. पूर्वी चौघी-पाचजणी दुपारी ओसरीवर चार कोपरे धरून बसायच्या आणि जुन्या साड्यांच्या थरांवर बोलता बोलता धावदोरा घालायच्या. तसं बसणं आता जमत नाही. त्याऐवजी चार मार्ग आहेत. निवडताना मी एकच प्रश्न आधी विचारते: धावदोरा कोण घालणार? कारण ठिगळं कोणीही कापू शकतं, हात ओळखू येतो तो टाक्यावरून.

सगळ्यात सोपी पद्धत चौकोनांची. प्रत्येकीने ठरल्या मापाचे चौकोन शिवून एकीकडे पाठवायचे, ती जोडणार. 12 इंची चौकोन 5 बाय 6 मांडले की 60 बाय 72 इंचांची गोधडी होते. म्हणजे चौकोन 30, प्रत्येकीच्या वाट्याला सहा. सुती कापडाचा एक चौकोन 20 ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा सहाही एका पाकिटात सहज जातात. परदेशातल्या मैत्रिणीला हीच पद्धत परवडते.

गोची मापात होते. साडेबारा इंच कापायचं, चारही बाजूंनी पाव इंच माया ठेवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो पाव इंच प्रत्येकीच्या मशीनवर थोडा वेगळा पडतो. चौकोनामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी पडलं, तरी सहा चौकोनांच्या रांगेत पाऊण इंच जातो आणि शेजारची रांग जुळत नाही. म्हणून सगळ्यांना 13 इंचांचेच चौकोन पाठवायला सांगा. जोडणारी एकाच पट्टीने ते छाटून घेईल. अट एवढीच की नक्षीची टोकं कडेपर्यंत नेऊ नका, ती छाटणीत जातात.

माप पक्कं असलं की किती लांबचे हात एकत्र येतात, याचं मोठं उदाहरण म्हणजे 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली एड्स स्मृती-गोधडी. प्रत्येक तुकडा 3 बाय 6 फूट. आपलं माणूस गमावलेल्यांनी ते आपापल्या गावी शिवून पाठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वॉशिंग्टनमध्ये अंथरली, तेव्हा 1,920 तुकडे झाले होते. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका मापावर जोडली गेली.

या पद्धतीतली उणीव म्हणजे जोडणी, अस्तर आणि सगळा धावदोरा एकीच्याच गळ्यात पडतो. बाकीच्या चौघी चौकोन पाठवून मोकळ्या. जोडणारीने हे मनापासून मागून घेतलं असेल तरच करावं.

दुसरी पद्धत फिरत्या गोधडीची. एकीने 18 इंचांचा मध्य करायचा, पुढच्या प्रत्येकीने चारही बाजूंनी 6 इंचांचा काठ लावून पुढे पाठवायचं. 18, 30, 42, 54, 66. चार काठांत 66 इंचांचा वरचा पदर, म्हणजे गोधडीचा वरचा थर, तयार. मला ही फार आवडते, कारण पुढची मैत्रीण काय करेल ते आधी कळत नाही. तिने लावलेल्या काठाला आपल्याला उत्तर द्यावं लागतं. पण हिशोब बघा: पहिल्या काठाच्या मधोमध फिरून मोजलं तर 96 इंच भरतात, शेवटच्याच्या 240. शेवटचीला अडीच पट काम. यावर उतारा एकच, पाचही जणींनी आपापला मध्य एकाच वेळी फिरवायचा. मग प्रत्येकीला प्रत्येक काठ एकदा येतो आणि प्रत्येकीला आपली गोधडी मिळते. मात्र एकीने महिनाभर पार्सल अडवलं की पुढची साखळी थांबते. तीन आठवडे काम आणि एक आठवडा टपाल धरलं तरी चार फेऱ्यांना चार महिने लागतात. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पांघरायची असेल तर आषाढातच सुरू करा. दिवाळीच्या सुमारास वरचा पदर होईल, अस्तर आणि धावदोरा त्यानंतर. पावसाळ्यात पार्सलला आतून प्लॅस्टिक लावायला विसरू नका. आणि सोबत संत्राबर्फी ठेवू नका, तुपाचा डाग सुती कापडातून सहज जात नाही.

तिसरी पद्धत म्हणजे एकच आराखडा घेऊन आपापली गोधडी, आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर सोबत शिवणं. उन्हाळ्यात शनिवारी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे अकरा. टपाल नाही, माप नाही. गप्पांसाठी उत्तम, पण सगळ्यांचे हात लागलेली गोधडी यातून मिळत नाही.

चौथी मला सगळ्यात जवळची: भरलेले चौकोन. वरचा पदर, आत जुन्या सुती साडीचे दोन थर, खाली अस्तर, आणि धावदोराही प्रत्येकीने आपल्याच घरी घालायचा. कडेचा एक इंच टाक्यांशिवाय सोडायचा. जोडताना आधी फक्त वरचे पदर शिवायचे, आतले थर एकमेकांना भिडतील इतके छाटायचे, मग मागचं अस्तर दुमडून हाताने तुरपायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कडेपासून फिरत फिरत मध्याकडे धावदोरा नेतात. छोट्या चौकोनावर ती रीत फार छान बसते. तयार गोधडीत एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा दिसतो आणि ‘हा हिचा’ हे न सांगता कळतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की अख्खी गोधडी मांडीवर नकोशी होते, फूटभर चौकोन मात्र कूलरसमोर बसून होतो. जोडणी किचकट आहे, हे खरं. थरांची जाडीही सगळ्यांनी सारखी ठेवली पाहिजे.

कुठलीही पद्धत घ्या, नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून आणलेलं नवं कापड आधी धुऊन घ्या. जुनी साडी आटून झालेली असते, नवं पॉपलिन नंतर आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. लाल आणि निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते बघा.

सगळ्या नवशिक्या असतील तर साधे चौकोन घ्या. वेळ पाळणाऱ्या पाचजणी असतील तर फिरती. हाताने धावदोरा येणाऱ्या निदान तिघी असतील, तर भरलेले चौकोन. बाकीच्या दोघींना तिसऱ्या पद्धतीचा शनिवारचा कॉल लावून टाका शिकवता येतो.