पैसे अडकलेत: पुण्यात लढायचं की नाशकात, आणि कुठल्या दारातून?

पुतण्याचा फोन आला. "काका, त्याला कोर्टात खेचतो. कोर्ट कुठलं का असेना, निकाल लवकर लागला म्हणजे झालं." एका दमात दोन चुका. कोर्ट कुठलं यावर बरंच काही ठरतं, आणि निकाल लागला म्हणजे पैसे आले असं होत नाही.

मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झालो. समन्स घेऊन बेलीफ कुणाच्या दारात गेला आणि काय लिहून परत आला, हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, झाल्यावर पुढे त्याचं काय झालं, हे सगळं नाझराच्या टेबलावरून जातं. तेव्हा खालची तुलना त्या टेबलावरची आहे असं समजा.

प्रकरण साधं आहे. हडपसरला फ्लॅट, मॉड्युलर किचन आणि बेडरूमची कपाटं, ठेकेदार नाशिकचा. 4,20,000 रुपये टप्प्याटप्प्याने दिले. सांगाडे उभे राहिले, शटरं काही आली नाहीत. तगादा लावल्यावर ठेकेदाराने 1,50,000 रुपयांचा चेक दिला, तोही न वटता परत आला. म्हणजे एकाच भांडणाला तीन दारं झाली: ग्राहक आयोग, दिवाणी दावा आणि चेकची फौजदारी.

आधी पत्ता बघायचा

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 सांगतं की प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावा, नाहीतर दाव्याचं कारण जिथे पूर्ण वा अंशतः घडलं तिथे लावा. काम हडपसरच्या घरात व्हायचं होतं, म्हणजे पुणं बसतं. मी त्याला पावती वाचायला लावली. खाली, जीएसटी नंबरच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ होती: सब्जेक्ट टू नाशिक ज्युरिस्डिक्शन ओन्ली. आपण ही ओळ बिलावरची नक्षी समजतो. पण दोन्ही शहरांतल्या कोर्टांना अधिकार असेल तेव्हा त्यातलं एक निवडायचा करार दोन्ही पक्षांना करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 पासून मान्य केलेलं आहे. जिथे मुळात अधिकारच नाही तिथे तो कराराने तयार होत नाही, पण नाशकात तो आहे. ओळ फक्त छापलेली आहे, आपण खाली सही केलेली नाही, असा वाद घालता येतो. पण त्याच वादात पहिलं वर्ष जाईल. म्हणून दिवाणी दावा म्हटलं की नाशिकची एसटी धरून चालायचं.

ग्राहक आयोगाचं उलटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली. जुन्या 1986 च्या कायद्यात ती नव्हती. सामनेवाल्याच्या गावी जा, नाहीतर कारण कुठे घडलं ते सिद्ध कर, असं होतं. माझ्या मते नव्या कायद्यातली सर्वांत कामाची सुधारणा हीच. पुतण्या हडपसरला राहतो, तेवढं पुणे आयोगाला पुरतं. पावतीवरच्या ओळीने हा हक्क सहसा जात नाही.

चेकचा पत्ता तिसराच, आणि त्याला इतिहास आहे. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये निकाल दिला की चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथेच खटला चालेल. त्या पावसाळ्यात आमच्याकडे, ज्या प्रकरणांत पुरावा सुरू झाला नव्हता ती परत करण्याचं काम महिनोन् महिने चाललं. लाल फितीत बांधलेले गठ्ठे आणि समोर, आता हे नांदेडला न्यायचं का, म्हणून विचारणारी माणसं. 2015 मध्ये संसदेने कायदाच बदलला. आता आपण चेक ज्या खात्यात भरला त्या खात्याची शाखा जिथे आहे तिथे खटला चालतो. पुतण्याचं खातं हडपसरच्या शाखेत, म्हणजे खटला पुण्यात. तेवढ्यापुरती नाशिकची ओळ गेली उडत.

कोण ऐकतो

तालुक्याच्या कोर्टाबाहेरची पाटी एकदा नीट वाचा: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर तथा न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग. माणूस एकच. त्याच खुर्चीवर तो बांधाचा दावा ऐकतो आणि त्याच खुर्चीवर चेकचा खटलाही. शहरात कामं वाटलेली असतात. दावा मोठा असला की तो वरिष्ठ स्तराकडे जातो, त्यावर जिल्हा न्यायाधीश, त्यावर उच्च न्यायालय. मुंबई शहराची तऱ्हा वेगळी. तिथे 10 कोटींपर्यंतचे दावे शहर दिवाणी न्यायालयात जातात आणि त्यावरचे थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत. घरमालक-भाडेकरूंसाठी लघुवाद न्यायालय आहे.

अपील वर गेलं तर मुंबईच गाठायला हवी असंही नाही. नागपूर, औरंगाबाद आणि गोव्याची खंडपीठं जुनी आहेत. कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून चालू झालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथे जाऊ लागली. पुणे आणि नाशिक मात्र मुंबईलाच. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "चार लाखांसाठी हायकोर्ट?" हसू नये. सामनेवाला हट्टाला पेटला तर तो नेतो.

ग्राहक आयोगाची उतरंड वेगळी. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. इथे आपण मागितलेली भरपाई मोजत नाहीत, मोजलेले पैसे मोजतात. अध्यक्ष आणि सदस्य मिळून ऐकतात. वकील लागतोच असं नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि व्हिडिओवर सुनावणी मागता येते.

घाईत असणाऱ्यांसाठी बाकीच्या गोष्टी शेजारी शेजारी मांडतो:

| | ग्राहक आयोग | दिवाणी दावा | चेकचा खटला |
|---|---|---|---|
| मुदत | कारण घडल्यापासून 2 वर्षं | 3 वर्षं | दिवसांवर मोजलेली, खाली सांगतो |
| फी | 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शून्य | रकमेनुसार चढती, अशा दाव्याला हजारांत | वेगळी |
| मिळणार काय | पैसे, व्याज, त्रासाची भरपाई, खर्च | पैसे, व्याज, खर्च | शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, त्यातून भरपाई |
| कशासाठी | 4,20,000 चं पूर्ण भांडण | पूर्ण भांडण | फक्त 1,50,000 |

निकालानंतरचं

नाझराला विचाराल तर खरी तुलना इथे सुरू होते.

दिवाणी हुकूमनामा झाला की पैसे आपोआप येत नाहीत. पुन्हा अर्ज करायचा, त्याला दरखास्त म्हणतात. त्यासाठी 12 वर्षं मिळतात, आणि ती पुरवून वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. जप्तीचं वॉरंट निघालं की बेलीफ जातो, पण जप्त काय करायचं ते वादीने दाखवायचं असतं. आमचा एक बेलीफ एकाची मोटरसायकल जप्त करायला गेला. गाडी दारात, किल्ली लावलेली. आरसी बुक बघितलं तर बायकोच्या नावावर. घरातला टीव्ही मेव्हण्याचा, फ्रिज घरमालकाचा. बेलिफाने वॉरंटावर "जप्तीयोग्य मिळकत मिळून आली नाही" असं लिहिलं, मी नोंद केली आणि वादी पुढच्या तारखेला गेला. त्यात संहितेचं कलम 60 काही गोष्टींना हातच लावू देत नाही: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, आणि कारागिराची हत्यारं. हा ठेकेदार मूळचा सुतार. लाकूडकामाची राउटर आणि कटर मशीन तो हत्यारं म्हणून सोडवून घेईल, पैजेवर सांगतो. पगारदार असता तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर टाच आणता आली असती. त्याला पगारच नाही.

तरी दिवाणीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तो माल विकून पळायच्या बेतात आहे असं दाखवता आलं तर निकालाआधीच जप्ती मागता येते. दोन, त्याचं दुकान आणि बँक खातं नाशकात आहे. पुण्याचा हुकूमनामा असेल तर तो वसुलीसाठी नाशिकच्या कोर्टाकडे वर्ग करावा लागतो. नाशकातच दावा लावला असेल तर तो हेलपाटा वाचतो. म्हणजे ज्या ओळीवर पुतण्या चिडला होता, तीच वसुलीच्या वेळी थोडी कामाला आली असती.

ग्राहक आयोगाचा आदेशही दिवाणी हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो, त्यामुळे दुकानाला टाच लावायची म्हटली तर नाशिक टळत नाही. पण आयोगाच्या हातात आणखी एक काठी आहे. कलम 72 प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना आणि तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान 25,000 आणि एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समन्सला न आलेला माणूस वॉरंटला येतो, आणि तो पुण्यात येतो. 4 लाखांच्या ठेकेदाराला ही काठी जप्तीपेक्षा जास्त लागते, असं माझं मत आहे.

आयोगाची दुसरी बाजूही ऐका. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय, त्यावर विसंबून घराचे हप्ते ठरवू नका. अध्यक्ष-सदस्यांची पदं रिकामी असली की बोर्डावर नुसत्या तारखा पडतात. सामनेवाल्याला मात्र 30 आणि वर 15 अशा 45 दिवसांत म्हणणं द्यावंच लागतं. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये पक्कं केलं. दिवाणीत हीच कैफियत कशी रेंगाळते ते मी बघितलेलं आहे.

चेक: छोटी रक्कम, मोठी काठी

इथे दिवस मोजायचे. चेक तीन महिन्यांत भरलेला हवा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते, नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र माफी नाही. ती हुकली तर एकच वाट: चेकची मुदत शिल्लक असेल तर पुन्हा भरायचा.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आरोपीने गुन्हा नाकारला की कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. धंदा करणारा माणूस 138 च्या, म्हणजे न वटलेल्या चेकच्या कलमाच्या, नोटिशीला सर्वांत लवकर फोन करतो, हा अनुभव आहे. एकट्या चेकच्या रकमेसाठी दिवाणीतला समरी दावाही लावता येतो. त्यात बचाव करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते. पण त्याचं दार पुन्हा दिवाणीचंच.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का, हेही त्याने विचारलं. सुरुवातीपासूनच फसवायचं मनात होतं हे दाखवता आलं तर करावी. अर्धं काम केलेल्या माणसाबाबत ते जड जातं, आणि पोलीस म्हणजे वसुली एजंट नव्हेत हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सुनावलेलं आहे.

लोकअदालत हे चौथं दार नाही, ते या तिन्हींच्या मधलं अंगण आहे. दावा न लावताही तिथे प्रकरण ठेवता येतं. तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा आधीच लावला असेल तर कोर्ट फी परत मिळते. अडचण एकच: समोरचा आला पाहिजे. नोटीस गेली नसताना तो कशाला येईल?

तुमचं भांडण बिल्डरशी असेल तर वरचं गणित थोडं बदलतं. महारेराचे, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, वसुली आदेश जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखे वसूल होतात, आणि महारेरा की ग्राहक आयोग ही निवड खरेदीदाराची आहे. माल धंद्यासाठी घेतला असेल तर ग्राहक आयोग सहसा मिळत नाही. आणि वकिलाने फसवलं म्हणून आयोगात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठरवलं. आमच्या बाररूममध्ये त्या दिवशी पेढे वाटले असतील.

पुतण्याला मी सांगितलं ते असं: आधी चेकची नोटीस, मग पूर्ण 4,20,000 साठी पुण्याच्या आयोगात तक्रार, आणि तक्रारीत चेकचा उल्लेख स्वच्छ करायचा, म्हणजे तेच पैसे दोनदा मागतोय असं होत नाही. दिवाणी नको. त्याच मागणीसाठी आयोग आणि दिवाणी दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही, आणि ठेकेदाराच्या नावावर जप्त करण्याजोगं काय आहे ते त्याला माहीत नाही.

"मेमो कधीचा आहे?" मी विचारलं. तो मेल शोधत बसला. स्पॅममध्ये सापडला, बावीस दिवसांपूर्वीचा. मी त्याला फोन ठेवायला सांगितलं आणि स्पीड पोस्टाची खिडकी किती वाजता बंद होते ते बघायला लावलं.