बुल रायडिंगच्या तिकिटांत माझे २७० डॉलर गेले, न्यूयॉर्कला शो बघायला जाणाऱ्यांनी प्लीज वाचा

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जानेवारीत माझे वडील आमच्याकडे आले होते. आण्णा आंबेगाव तालुक्यातले, सगळं आयुष्य बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर गेलेलं, २०१४ ला शर्यतींवर बंदी आली तेव्हा लोकांनी बैल विकले पण यांनी नाही विकले, दावणीला बसवून पोसले. डिसेंबर २०२१ ला कोर्टाने परत परवानगी दिली तेव्हा फोनवर रडले होते.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या इनडोअर स्टेडियमला दर जानेवारीत प्रोफेशनल बुल रायडर्सचा शो असतो, पीबीआर म्हणतात त्याला. मी आण्णांना फोनवर व्हिडिओ दाखवला आणि समजावलं की बैलावर ८ सेकंद टिकायचं, एका हाताने दोरी धरायची, दुसरा हात बैलाला किंवा स्वतःला लागला तर बाद, आणि १०० पैकी ५० मार्क माणसाला नि ५० बैलाला. बैलाला पण मार्क देतात म्हटल्यावर आण्णा उठूनच बसले. "आपली बारी पण सेकंदावरच की रं, बघायलाच पायजे." (बारी म्हणजे घाटातली बैलगाड्याची एक धाव.) मग काय, न्यायचंच ठरलं.

तिकिटं मी वेळेत काढायला हवी होती ती राहिली. इथल्या भारतीय लोकांच्या एका ग्रुपवर पोस्ट दिसली, घरी आजारपण आल्यामुळे शनिवारची तीन तिकिटं द्यायचीत, ९० डॉलरला एक. आडनाव आपलं मराठी, मेसेज केला तर लगेच "नमस्कार दादा, गाव कुठलं तुमचं" असं सुरू झालं. मी आण्णांबद्दल सांगितलं तर म्हणाला, वडिलांना दाखवाच, माझे बाबा असते तर मी पण नेलं असतं. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, कारण त्यानंतर मी काही तपासलंच नाही. पैसे बँकेच्या अॅपमधून थेट पाठवायचे होते, तिथे नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणे बायकोचं अकाउंट आहे. तिकिटं माझ्या अॅपमध्ये ट्रान्सफर कर म्हटलं तर म्हणे शोच्या दोन तास आधी ट्रान्सफर चालू होतं, तोवर स्क्रीनशॉट ठेवा. काही शोला खरंच ट्रान्सफर उशिरा उघडतं म्हणून मला ते पटलं.

शनिवारी ट्रेनने पेन स्टेशनला उतरलो, गार्डन त्याच्याच डोक्यावर आहे. कडाक्याची थंडी, आण्णा माकडटोपीवर पांढरी टोपी घालून. पोचेपर्यंत ट्रान्सफर काही आलं नाही, त्याला फोन केला तर नंबर बंद. तरी स्क्रीनशॉट घेऊन गेटवर गेलो, स्कॅनरवर धरला, लाल. ब्राइटनेस वाढवून परत धरला, परत लाल. तिथली बाई चांगली होती, तिने शेजारच्या माणसाचा फोन दाखवला, त्याच्या बारकोडवरून एक पट्टी सारखी सरकत होती. खरं तिकीट असं जिवंत असतं, बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही. तिकीट तुमच्या स्वतःच्या अॅपमध्ये येऊन पडलं तरच ते तुमचं, त्याआधी एक डॉलर देऊ नका.

मागे लाइन थांबलेली आणि आण्णा विचारतायत, "काय झालं बाळा, माझं काय चुकलं का?" त्यांना वाटलं त्यांच्या पासपोर्टचं काहीतरी आहे. त्या क्षणी मला जे वाटलं ते पैशाचं नव्हतं.

आणि खरा संताप पुढे आहे. हा शो हाउसफुल आहे असं तो मला सांगत होता, आणि बायको खाली बॉक्स ऑफिसला गेली तर तिथे वरच्या बाजूची तिकिटं सरळ मिळाली. मी अधिकृत साइट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. आण्णांनी बघितलं शेवटी. दुसऱ्या की तिसऱ्या बैलाला उभेच राहिले, पोटाला मागच्या बाजूला बांधलेली दोरी त्यांनी एवढ्या लांबून ओळखली आणि रायडर पडल्यावर बैलापुढे धावत जाऊन त्याला आपल्याकडे वळवणाऱ्या पोरांचं फार कौतुक केलं.

बँकेने हात वर केले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत म्हणाले. क्रेडिट कार्डने दिले असते तर निदान तक्रार लावता आली असती. एफबीआयच्या ऑनलाइन तक्रार साइटवर सगळे मेसेज टाकलेत, ग्रुपच्या अॅडमिनलाही कळवलंय, ती प्रोफाइल गेली.

त्याच रात्री बायकोच्या मैत्रिणीने दुसऱ्या एका ग्रुपवरची पोस्ट पाठवली, रविवारच्या शोची तीन तिकिटं, घरी आजारपण, आडनाव वेगळं पण मराठीच. तिने स्क्रीनशॉट मागवला होता. फक्त तारीख बदललेली, सेक्शन तोच, रांग तीच, आणि वर कोपऱ्यात बॅटरी १७ टक्के, माझ्या फोटोत होती तेवढीच.