बास गरवायचं सामान: पैसे कुठे घालावेत, कुठे राखावेत

दुकानात नजर जाते ती रील (लाइन, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळायचं यंत्र), सोनार (ध्वनीनं पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) आणि मोटरकडे. घोळ मात्र बारक्या जागी होतो. गाठ सुटते म्हणून मासा जातो, वायर बारीक असते म्हणून मोटर दमते, ट्रान्सड्यूसर (सोनारचा ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) भलत्या जागी ठोकलेला असतो म्हणून पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. म्हणून इथे वस्तू सुट्या सुट्या न तपासता जोडीनं घेतल्या आहेत. डोळ्यांसमोर मासा आहे लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) आणि होडी पाच मीटरच्या आसपासची.

पहिला रॉड (गळाची काठी) ७ फुटी, मिडियम-हेवी पॉवरचा (ताठपणाचा), शेंड्यापाशीच वाकणारा म्हणजे फास्ट अ‍ॅक्शनचा घ्यावा. याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही. फक्त ‘मिडियम-हेवी’ या शब्दाला सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एकाचा मिडियम दुसऱ्याच्या मिडियम-हेवीइतका ताठ निघतो. भरवसा ठेवायचा तो हँडलच्या वर छापलेल्या ल्युअरच्या (कृत्रिम आमिषाच्या) वजनावर. पाव ते पाऊण औंस लिहिलेलं असेल तर जिग (जड डोक्याचा हुक), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) आणि टेक्सास रिग (पुढे वजनाची गोळी, हुकाचं टोक प्लास्टिकच्या आमिषात लपवलेलं) ही तिन्ही कामं त्यावर निघतात. घेताना प्रत्येक गाइडच्या कड्यातून कापसाचा बोळा फिरवून पाहा. सिरॅमिकला केसभर तडा असला तरी कापसाचे तंतू तिथे अडकतात. हीच चीर लाइन रोज खरवडते आणि दोष बिचाऱ्या लाइनच्या माथी जातो.

त्यावर बेटकास्टर रील (फेकताना जिचं स्पूल, म्हणजे लाइनचं रीळ, स्वतः फिरतं), गिअर रेशो (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे फेरे) ७:१ च्या जवळपास. ३४ मिमी व्यासाचं स्पूल काठोकाठ भरलेलं असेल तर ७.१:१ ची रील हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंमी लाइन ओढते, ५.४:१ ची साधारण ५८ सेंमी. लाइन बाहेर गेली की स्पूलचा व्यास घटतो आणि हा आकडाही उतरतो, म्हणून लांब फेकीच्या सुरुवातीला गुंडाळणं संथ वाटतं. बॉल बेअरिंग किती आहेत यावर किंमत चढते, पण पाच-सहा चांगली बेअरिंग दहा सुमार बेअरिंगपेक्षा केव्हाही बरी. त्यापेक्षा फेकताना स्पूलचा वेग आवरणारा ब्रेक पाहा. मॅग्नेटिक ब्रेकची पकड स्पूलच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, सेंट्रिफ्यूगलची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे सेंट्रिफ्यूगल फेकीच्या पहिल्या झटक्यात जोरात धरतो आणि पुढे मोकळा सोडतो. लांब फेकीला तो उजवा. समोरून वारा असेल, ल्युअर हलका असेल तर मॅग्नेटिक सोपा, कारण बाहेरची चकती फिरवली की काम झालं. शिमानोच्या डीसी रीलमध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक चिप करते आणि फेकताना बारीक शीळ ऐकू येते. नवशिक्याला तिचा उपयोग नक्की होतो, पण अंगठ्याची सवय ती लावत नाही.

नव्या रीलवर गुंता होतो तो बहुतेक वेळा सेटिंग न करता फेकल्यामुळे. ल्युअर टोकाशी लटकवा, बटण दाबा आणि स्पूल टेन्शनची कळ एवढीच सैल करा की ल्युअर सावकाश खाली उतरेल. तो जमिनीला टेकला की स्पूल फार तर एक फेरा फिरून थांबलं पाहिजे. ब्रेक सुरुवातीला पूर्ण लावा, आठ-दहा फेकी नीट गेल्या की एक खाच उतरवा. ल्युअर पाण्याला लागण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवाच. ल्युअर थांबतो, स्पूल थांबत नाही, आणि तिथेच लाइनच्या गुंत्याचं घरटं तयार होतं. ल्युअर बदलला की हे सगळं पुन्हा करायचं. याचा कंटाळा येतो, पण गुंता सोडवायला याच्या दहापट वेळ जातो.

लाइनच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: रीलवर वाचवा, लाइनवर नको. फ्लुरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोनपट, म्हणून ती बुडते, अपवर्तनांक १.४२, पाण्याच्या १.३३ ला जवळ, म्हणून कमी दिसते. जिग आणि टेक्सास रिगला १५ पौंडी फ्लुरो उत्तम. हीच लाइन पाण्यावर चालणाऱ्या टॉपवॉटर ल्युअरला बांधली तर ती त्याचं नाक खाली ओढते, तिथे नायलॉन. ब्रेडची (विणलेल्या लाइनची) घनता पाण्याहून किंचित कमी, ती जवळजवळ ताणली जात नाही, शेवाळ कापत जाते; पण गुळगुळीत स्पूलवर ती अख्खी घसरते. खाली दहा-बारा वेढे नायलॉनचे हवेतच. नाहीतर मासा ओढतोय आणि रीलचा ड्रॅग (मासा किती जोरानं ओढेल तेव्हा लाइन सुटावी ते ठरवणारी पकड) सैल आहे असं वाटत राहतं, ड्रॅग कितीही आवळला तरी.

फ्लुरोची गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेनं लाइन तिथेच जळते, शेवटची इंचभर लाइन कुरळी आणि पांढुरकी दिसते. तसं दिसलं की कापून पुन्हा बांधायची, चालवून घ्यायची नाही. ब्रेडला पालोमार गाठ पुरेशी. ड्रॅग बोटानं ओढून जोखू नका. लाइन गाइडमधून घेऊन स्प्रिंगच्या काट्याला अडकवा आणि लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावा. १५ पौंडी लाइनला ४ ते ५ पौंड.

एका रॉडवर सगळं भागवायचा मोह क्रँकबेटपाशी (ओढलं की डोलत बुडी मारणाऱ्या कडक आमिषापाशी) मोडतो. त्याला तिहेरी हुक असतात, काटे बारीक, पकड वरवरची. ताठ, फास्ट रॉडनं झटका दिला की हुक ओठ फाडून निघतो. तिथे मध्यापर्यंत वाकणारा म्हणजे मॉडरेट अ‍ॅक्शनचा, शक्यतो ग्लासफायबर मिसळलेला रॉड आणि ५ ते ६:१ ची रील हवी. उलट, शेवाळाच्या गालिच्यावरून ओढायच्या फ्रॉगला (बेडकासारख्या पोकळ आमिषाला) हेवी रॉड आणि ५० ते ६५ पौंडी ब्रेड. माशाबरोबर दोन-चार किलो वनस्पतीही ओढून आणायची असते. पण याच ब्रेडवर बारीक तारेचा हुक लावाल तर पहिल्या जोरदार झटक्याला तो सरळ होऊन हातात येईल. बारीक हुक, ड्रॉप शॉट (वजन हुकाच्या खाली), नेड रिग (लहान जिगवर छोटं प्लास्टिक) ही सगळी कामं स्पिनिंग रीलची (फेकताना जिचं स्पूल फिरत नाही): २५०० आकाराची रील, १० पौंडी ब्रेड, पुढे दोनेक मीटर ८ पौंडी फ्लुरोचा लीडर (टोकाला जोडलेला तुकडा). फेकल्यावर बेल (स्पूलवरची लाइन अडवणारी तार) हँडल फिरवून न पाडता हातानं पाडा. लाइनचा पीळ निम्म्यानं कमी होतो असं म्हणणार नाही, पण फरक लगेच जाणवतो.

टेक्सास रिगच्या गोळीसाठी टंगस्टन महाग असलं तरी आम्ही तेच सुचवू. ते शिशापेक्षा बरंच जड आणि कठीण, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लहान होते आणि तळाचा दगड की लाकूड ते हाताला कळतं. स्वस्त टंगस्टनची भोकाची कड मात्र धारदार असते. आत प्लास्टिकची नळी असलेलीच गोळी घ्या. चार इंची प्लास्टिकला ३/० ऑफसेट हुक, सहा-सात इंची वर्मला (प्लास्टिकच्या गांडुळाला) ४/०. आणि झेड-मॅनच्या इलाझटेकसारख्या ताणून लांबणाऱ्या मटेरियलची आमिषं साध्या प्लास्टिकच्या आमिषांसोबत एकाच कप्प्यात ठेवू नका. दोन्ही विरघळून एक चिकट गोळा होतो, आणि तो डब्यालाही सोडत नाही.

आता होडी. ट्रोलिंग मोटरचा (होडी हळू चालवणाऱ्या विजेच्या मोटरचा) जुना हिशोब अजून चालतो: माणसं-सामानासकट दर १०० पौंड वजनाला २ पौंड थ्रस्ट (ढकलण्याचा जोर). ९०० किलोला ४० पौंड किमान. वारा धरला तर ५५ घ्या. १२ व्होल्टवर साधारण ५५ पौंडांपर्यंतच मजल जाते, ८० च्या पुढेमागे २४ व्होल्ट लागतात, ११२ ला ३६. शाफ्ट (पंखा पाण्यात नेणारा दांडा) आखूड घेणं ही सर्रास चूक. मोटर बसवायच्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, त्यात ५० सेंमी मिळवा. लाटा असतील तर आणखी थोडं. नाळ (होडीचं पुढचं टोक) लाटेवर उचलली गेली आणि पंखा हवेत फिरला की आवाजानं मासा जातो आणि होडीही भरकटते.

५५ पौंडी मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते. बॅटरी मागे, मोटर पुढे; वायर जाऊन-येऊन १० मीटर. ती ५ चौरस मिमीची असेल तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात आणि वायर गरम होते. १६ चौरस मिमीला हे नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं. मोटर ‘कमजोर निघाली’ अशा तक्रारीत आधी हे तपासावं. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर लावा, मोटरजवळ नव्हे. शॉर्ट होतो तो मधल्या वायरमध्ये.

१०० अँपिअर-तासाची डीप-सायकल (बराच वेळ वीज देत राहण्यासाठी केलेली) शिसं-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे हाती ५०च, आणि जास्त प्रवाह ओढला तर त्याहून कमी. त्याच आकड्याची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, वजन निम्म्याहून कमी, आणि व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं. अडचणी दोन: चार्जर लिथियमचाच हवा आणि शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा. सोनारलाही शक्यतो वेगळी छोटी द्या. मोटरच्या विजेचा खरखराट पडद्यावर उतरतो तो बहुतेकदा सामाईक बॅटरीतून.

सोनारचा पडदा ७ इंचांहून लहान नको, दोन चित्रं शेजारी बघता येत नाहीत. २०० किलोहर्ट्झचा सुमारे २० अंशांचा शंकू तळाशी खोलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं वर्तुळ दाखवतो: ६ मीटरवर दोन मीटर, २ मीटरवर जेमतेम ७० सेंमी. उथळ पाण्यात होडीखालचं पाहून काय करायचं, मासा तर आधीच बाजूला झालेला असतो. म्हणून बाससाठी साइड इमेजिंग (होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणारं सोनार) जास्त कामाचं; ४५५ किलोहर्ट्झ लांब पोचतं, ८०० जास्त स्पष्ट दाखवतं, पण होडी सरळ आणि संथ हवी. साध्या सोनारवर ‘आता’ आहे तो फक्त उजवा काठ, बाकी सगळा सरकत गेलेला भूतकाळ. होडी उभी आणि मासाही उभा असेल तर त्याची लांबच लांब आडवी रेघ उमटते. ती मोठ्या माशाची खूण समजू नका. ट्रान्सड्यूसर बुडबुड्यांच्या वाटेत, म्हणजे तळावरच्या उभ्या पट्टीच्या किंवा रिव्हेटच्या ओळीच्या मागे बसवला तर वेग घेताच चित्र जातं.

गार्मिनचं लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आलं तेव्हापासून समोरचं थेट दाखवणारं सोनार हाच चर्चेचा विषय आहे. यंत्र अफाट आहे. पण ते वीज खातं, वेगळी बॅटरी मागतं, आणि खोलीचा नकाशा वाचता न येणाऱ्याला नुसते न चावणारे मासे दाखवत बसतं. पहिल्या वर्षी नकोच.

जागेवर थांबायला मिन कोटाच्या स्पॉट-लॉकसारखी जीपीएस सोय असेल तर साधा नांगर क्वचित लागतो, तरी होडीत असू द्या. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडायचा आणि नांगर नाळेवरूनच टाकायचा. मागून टाकलात तर इंजिनच्या वजनानं आधीच खाली असलेली बाजू लाटेखाली दबते आणि होडी भरते.

जाळं रबराचं घ्या, तिहेरी हुक त्यात कमी अडकतात आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो. आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट घेताना ते गोळी विरघळून फुगतं की पाण्याच्या दाबानं, हे विचारा; गोळीवालं धो धो पावसात अंगावरच फुगू शकतं. गोळीवर मुदत छापलेली असते आणि गॅसच्या नळकांडीवर किमान वजन. दर हंगामाआधी नळकांडी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आकडा छापलेल्यापेक्षा कमी भरला तर नवी घ्या.