बिल वाढलं, आणि ते कमी करून देणारे दारात आले

गेल्या पावसाळ्यात जुलैचं बिल हातात आलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्यांचं चुकून आमच्याकडे टाकलंय. पण नाव आमचंच, ग्राहक क्रमांक आमचाच. ३४२ युनिट, ४,४०० रुपयांच्या आसपास. आमच्या घरात एसी नाही. सासूबाई, मी आणि नववीतला मुलगा, एवढीच माणसं. मिस्टर पुण्याला असतात, शनिवारी येतात. सांगलीतलं बैठं घर, मागे बोअर, एक फ्रिज, सकाळी अर्धा तास गिझर. कित्येक वर्षं १८० युनिट आणि १,९०० रुपये यांच्या आगेमागेच बिल यायचं.

युनिट दुपटीच्याही आत, पण पैसे दुपटीहून कितीतरी जास्त, हे कोडं तेवढं लगेच सुटलं. घरगुती दराचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. वरची प्रत्येक युनिट महाग पडत जाते. पण दीडशेवर युनिट जादा आली कुठून, ते काही कळेना. बिलावरचा रीडिंगचा फोटो मीटरशी ताडून पाहिला, बरोबर होता. म्हणजे रीडिंग न घेता अंदाजाने काढलेलं सरासरीचं बिलही नव्हतं. मी मुलाला ओरडले, आईंना (सासूबाईंना आम्ही आई म्हणतो) टीव्हीवरून बोलले. त्याचं आजही वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात दोन तरुण दारात आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात फाइल, टापटीप कपडे. "वहिनी, वीज बचत योजनेतून आलोय. बिल बघू का?" बिल पाहून त्यांनी असं काही हळहळून दाखवलं की मीच सगळं सांगत बसले. मग त्यांनी एका लाकडी फळीवर बसवलेली छोटी मोटर काढली, आमच्या प्लगला लावली आणि वायरभोवती टंग टेस्टर (प्रवाह मोजणारा चिमटा) अडकवला. आकडा १.६ अँपिअर. शेजारच्या प्लगमध्ये हिरव्या दिव्याची पांढरी पेटी खोचली. आकडा झर्रकन ०.७ वर! "बघा वहिनी, निम्म्याहून जास्त बचत तुमच्या डोळ्यांदेखत. तीन महिन्यांत ४० टक्के बिल कमी, नाहीतर पैसे परत." दोन पेट्या, प्रत्येकी ३,२०० रुपये. मी ६,४०० रुपये रोख दिले. पावतीवर रबरी शिक्का होता. पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि ते मी पैसे दिल्यावर पाहिलं. जाताना त्यातला एक हळूच म्हणाला, "पाहिजे तर मीटरही स्लो करून देतो." त्याला मी ठाम नाही म्हटलं. मीटरला हात लावणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तेव्हा हे तरुण नव्हे, घरमालक पकडला जातो.

ऑगस्टचं बिल आलं. ३३८ युनिट. पावतीवरचा फोन बंद.

तो प्रयोग खोटा नव्हता, आणि म्हणूनच मी फसले. पेटीत कपॅसिटर असतो. मोटरसारख्या उपकरणाला तो जोडला की वायरमधला प्रवाह खरोखर कमी होतो, अँपिअरचा आकडा उतरतो. पण घरगुती बिल अँपिअरवर होत नाही, किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर होतं. मोटर प्रत्यक्ष जेवढी वीज खाते तेवढी पेटी लावल्यावरही खातेच. कारखान्यांना पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या प्रवाहातला किती खरोखर कामी येतो त्याचा) हिशेब लागतो, तिथे कपॅसिटरचा उपयोग आहे. आमच्यासारख्या घरात तो मीटरचा एक आकडाही कमी करत नाही. पुढे आम्ही एक पेटी फोडली. आत एक कपॅसिटर, दिव्यापुरतं छोटं सर्किट आणि वजन भरावं म्हणून ओतलेला सिमेंटचा गोळा.

शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त लाइनमन काकांना बोलावलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यांनी घरात पाऊलही टाकलं नाही, आधी मीटरपाशी उभे राहिले. "ताई, हा बारका लाल दिवा बघितलात? ई/एल लिहिलंय त्याच्याखाली. अर्थ लीकेज." फेजमधून जेवढा प्रवाह आत जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. मधेच काही जमिनीत गेला, तर मीटर तो दाखवतो आणि त्याचे पैसेही लावतो.

मग त्यांनी मला मेन स्विच पाडायला लावला. मीटरवरचा लुकलुकणारा दिवा थांबला. म्हणजे मीटर आपोआप पळत नव्हता आणि मेनच्या अलीकडे कोणी वायर टाकलेली नव्हती. मेन परत चालू केला, पण घरातलं एकूण एक बटण बंद ठेवून, फ्रिजचा प्लगसुद्धा काढून. दिवा लुकलुकत राहिला! काकांनी घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला १२ वेळा. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलंय; दिवा एकदा लुकलुकला की एक इम्पल्स. मिनिटाला १२ म्हणजे तासाला ७२०, म्हणजे पाव युनिटला थोडं कमी. दिवसाला ५.४, महिन्याला १६२ युनिट. आमची नेहमीची १८० त्यात मिळवा: ३४२. जुलैच्या बिलाचा आकडा जसाच्या तसा समोर आला आणि माझ्या अंगावर काटा आला.

बोर्डावरचा एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या लाइनचा खटका, पाडत गेलो. बोअरच्या मोटरचा पाडला आणि दिवा थांबला. मोटर तर बंद होती; पण तिचा स्टार्टर बोअरपाशी आहे, तिथपर्यंतची जमिनीखालची केबल चोवीस तास चालू असते. खणल्यावर सगळं कळलं. मे महिन्यात परसात ड्रेनेजचा पाइप टाकून घेतला होता. त्या कामगारांच्या पहारीने केबल तुटली होती, त्यांनी ती जोडून वर टेप गुंडाळली आणि आम्हाला न सांगता माती ओढून टाकली. पाऊस पडला, माती भिजली, आणि जवळपास एक अँपिअर प्रवाह रात्रंदिवस जमिनीत झिरपत होता.

इथे मला दुसरी फसवणूक कळली, आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती.

जूनच्या पहिल्या पावसात आमचा ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की घराची वीज तोडणारा खटका, सारखा पडायला लागला होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून एक वायरमन बोलावला. तो म्हणाला, "हा जुना झालाय, उगाच पडतो, नवीन टाकतो." २,६०० रुपये घेतले. त्यानंतर तो एकदाही पडला नाही, आणि मी चार जणींना त्या वायरमनचा नंबर दिला. काकांनी ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खटका पडला, पण डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. बोर्ड उघडल्यावर दिसलं की नवीन काही बसवलेलंच नव्हतं. घराची वायर ईएलसीबीतून काढून थेट मेनला जोडली होती. आमचा ईएलसीबी ३० मिलीअँपिअरला तुटतो. जमिनीत जात होता त्याच्या तीसपट. तो बिचारा बरोबर इशारा देत होता आणि आम्ही पैसे देऊन त्याचं तोंड बंद केलं होतं.

आई त्या बोअरजवळच्या दगडावर रोज अनवाणी धुणं धुतात. जुलैपासून त्या म्हणत होत्या, "पायाला झिणझिण्या येतात गं." आम्ही त्यांची साखर तपासून आणली. डॉक्टरांनी गोळी बदलली. माझ्या सासूबाई दोन महिने चालू केबलपासून चार हातांवर ओल्या जमिनीवर उभ्या राहत होत्या, आणि मी घरात टीव्ही बंद करत फिरत होते.

नवीन केबल पाइपातून टाकून घेतली, ईएलसीबी खरोखरचा बसवला. पुढचं बिल १८३ युनिटचं आलं. आईंच्या झिणझिण्या गेल्या. वायरमनला जाब विचारला तर म्हणाला, "मी लावला होता, नंतर कोणी काढला ते मला काय माहीत?" त्याच्याकडून लिहून काही घेतलेलं नव्हतं, तिथे माझं बोलणं संपलं. ज्या चौघींना नंबर दिला होता त्यांच्या घरी मी स्वतः गेले आणि टेस्टचं बटण दाबायला लावलं. एकीकडे पंखा फिरतच राहिला. तिच्याकडे दोन लहान मुलं आहेत.

तुमचं बिल अचानक वाढलं असेल, तर कोणालाही एक रुपया देण्याआधी मीटरपाशी जा. सगळं बंद करून दिवा बघा, ई/एल बघा, टेस्टचं बटण दाबून घरातली वीज खरंच जाते का बघा. बोर्ड मात्र स्वतः उघडू नका, त्यासाठी परवाना असलेला माणूस बोलवा. मीटरवरच संशय असेल तर वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवून तो तपासून घेता येतो.

पेटीवाल्यांची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर केली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्जही दिला आहे. आमच्या गल्लीत सात घरांनी त्या पेट्या घेतल्या, पण पावत्या तिघांकडेच सापडल्या. विश्रामबाग, मिरज, कुपवाड भागात कोणी हिरव्या दिव्याची पांढरी पेटी घेतली असेल, तर पावती फेकू नका, मला दाखवा. अर्जाला जोडायची आहे.