पीएम स्वनिधी कर्ज: हातगाडीच्या गल्ल्यावर तपासून पाहिलेलं

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि हातगाडीवाल्यांचं फिरतं भांडवल घरखर्चात संपलं. पुढे रस्ते उघडले, गाडी जागेवर लागली, पण पहाटे मंडईत माल उचलायला रोख नव्हती. १ जून २०२० ला सुरू झालेली केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजना नेमकी या एका अडचणीवर बेतलेली होती. पहिलं कर्ज तेव्हा विनातारण १०,००० रुपये (आता १५,००० पर्यंत), फेड १२ महिन्यांत आणि हप्ते वेळेवर गेले तर वर्षाला ७ टक्के दराने व्याज-अनुदान. मत आधीच सांगतो: पहिलं कर्ज जरूर घ्यावं, ते फेडल्यावर मिळणारं मोठं दुसरं-तिसरं मात्र सगळ्यांसाठी नाही. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत संपतो त्याच्यासाठी ही योजना उत्तम आहे. ज्याचं गिऱ्हाईकच परत आलेलं नाही, त्याच्या डोक्यावर ती नुसता हप्ता ठेवते.

आधी व्याजाचं बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ७ टक्के अनुदान सगळ्यांना सारखं, पण मूळ व्याजदर बँकेगणिक वेगळा आणि त्याला योजनेत वरची मर्यादा नाही. १२ टक्क्यांनी १०,००० घेतले तर हप्ता साधारण ८८८ रुपये बसतो. वर्षाचं व्याज ६६२ रुपये, त्यातले ३८५ च्या आसपास अनुदानातून परत येतात. म्हणजे पदरचे पावणेतीनशे. तेच कर्ज एखाद्या वित्तसंस्थेकडून २४ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ९४६, व्याज १,३४७ आणि अनुदान सुमारे ४००. पदरचे साडेनऊशे. योजनेचं नाव तेच, फॉर्म तोच, खर्च तिपटीहून जास्त. त्यामुळे सहीआधी 'हप्ता किती' एवढंच विचारून थांबू नका, 'वर्षाचा दर किती' हे मंजुरीपत्रावर वाचून घ्या. अर्जात बँक निवडता येते, तेव्हा जिथे आधीपासून खातं आहे ती राष्ट्रीयीकृत बँक लिहिणं सहसा फायद्याचं.

अनुदान हप्त्यातून वजा होत नाही. बँक दर तिमाहीला दावा करते आणि रक्कम नंतर खात्यावर जमा होते. खातं थकीत, म्हणजे ९० दिवसांहून जास्त तुंबलेलं असेल, तर त्या काळाचं अनुदान बुडतं. पासबुकात तीन-चार महिन्यांनी अशी जमा दिसली नाही तर शाखेत लेखी विचारा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही.

आता तुलना डायरीशी, म्हणजे खासगी सावकाराच्या कर्जाशी. बाजारात रोज वसुलीचं कर्ज असं चालतं: दहा हजारांचं कर्ज, हातात ९,०००, मग रोज १०० रुपये, १०० दिवस. ऐकायला दहा टक्के वाटतं. पण पैसा पहिल्या दिवसापासून परत जायला लागतो, सरासरी साडेचार-पाच हजारच तुमच्याकडे राहतात आणि त्यावर तीन महिन्यांत हजार रुपये जातात. वर्षाचा दर ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात पडतो. तरीही डायरी टिकून आहे, याचं कारण सरळ आहे. डायरीवाला त्याच संध्याकाळी पैसे देतो, कागद मागत नाही आणि वसुलीला स्वतः गाडीवर येतो. बँकेला महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकदम ८८८ लागतात आणि रोजच्या गल्ल्यावर जगणाऱ्याला तेच जड जातं. यावर उपाय एकच: हप्त्याचे ३५ रुपये रोज बाजूला काढायचे. २६ दिवसांचे ९१० होतात. डबा वेगळा ठेवा किंवा रोज क्यूआरवर येणाऱ्या पैशातले तेवढे खात्यातच राहू द्या. तारखेला खातं रिकामं असेल तर हप्ता परत जातो, वर दंड लागतो, आणि कर्जाची नोंद बिघडते ती वेगळीच.

डायरी फेडायला स्वनिधी वापरावं का? दर बघता मोह होतो. पण डायरीचं व्याज आधीच कापलेलं असतं. लवकर मिटवल्याबद्दल सूट मिळणार नसेल तर त्यात एक रुपयाही वाचत नाही, उलट मालाचं भांडवल जातं आणि महिन्याभरात नवी डायरी उघडावी लागते. चालू डायरी रोजच्या रोज संपू द्यावी आणि स्वनिधीचे पैसे मालातच घालावेत.

मालात घातल्याचा फायदा कसा होतो ते बघा. समजा भाजीची गाडी आहे, रोजचा माल ३,००० रुपयांचा, साधारण ८० किलो. उधारीवर उचलला की किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त द्यावे लागतात आणि निवडायलाही मिळत नाही. रोखीने घेतला आणि किलोमागे फक्त १ रुपया वाचला, तरी दिवसाचे ८० रुपये होतात. हप्त्याला लागतात ३५. कर्ज इथे स्वतःच्या पायावर उभं राहतं. पण १०,००० म्हणजे अशा गाडीचा तीन दिवसांचा माल, हेही लक्षात ठेवा. मधे आजारपण आलं, आठवडाभर गाडी लागली नाही, की भांडवल पुन्हा शून्यावर.

कागदांकडे वळू. खरी अडचण इथे आहे. ज्याच्याकडे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे त्याचा रस्ता सोपा. सर्वेक्षणात नाव आहे पण प्रमाणपत्र नाही, त्याला तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. सर्वेक्षणातून सुटलेल्यांना आणि आसपासच्या गावांतून शहरात येऊन विकणाऱ्यांना पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं शिफारसपत्र लागतं. मुंबईसारख्या शहरात हा तिसरा-चौथा गटच मोठा. २०१४ च्या सर्वेक्षणात तिथे सुमारे ९९ हजार अर्ज आले होते आणि ऑगस्ट २०२४ मध्ये समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत ३२,४१५ नावं होती. बाकीचे रोज रस्त्यावर विकतात, कागदावर नाहीत.

शिफारसपत्रासाठी संघटनेचं सभासदपत्र, टाळेबंदीत मिळालेल्या मदतीची नोंद, जुन्या कर्जाचा कागद यांतलं काहीही चालतं. यातलं काहीच नसेल तर साध्या कोऱ्या कागदावर 'स्थानिक चौकशी करावी' असा अर्ज पालिकेला देता येतो. निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर १५ दिवस कुठून मोजायचे हाच प्रश्न उरतो. पोर्टलवर अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असणं. ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. म्हणून आधी आधार केंद्रात क्रमांक बदला, मग फॉर्म भरा. आधार, बँक खातं आणि मतदार ओळखपत्र यांवरच्या नावाचं स्पेलिंगही एकदा जुळवून पाहा.

दोन गैरसमज. सरकारने हमी घेतली आहे, मग फेडलं नाही तरी चालतं, हा पहिला. हमी बँकेच्या नुकसानीला आहे, तुमच्या नावाला नाही. थकवलं तर पुढचं कर्ज बंद आणि पतनोंद खराब. दुसरा गैरसमज डिजिटल कॅशबॅकचा, म्हणजे गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की विक्रेत्याला मिळणाऱ्या रकमेचा: ती सगळ्यांनाच मिळते असं वाटतं. वर्षाला १,२०० रुपये ही कमाल होती, महिन्याला १०० पर्यंत, आणि मूळ नियमांत २५ रुपयांखालचा व्यवहार धरलाच जात नव्हता. कपाला दहा रुपये घेणाऱ्या चहावाल्याचे दिवसाचे दोनशे व्यवहार असले तरी मोजणीत जवळपास काहीच यायचं नाही. भाजी-फळवाल्याला तो मिळायचा.

आता ही योजना कुठे कमी पडली ते स्पष्ट सांगायला हवं. त्याच सुमारास, मे २०२० मध्ये, आधीच कर्ज असलेल्या उद्योग-व्यवसायांसाठी आपत्कालीन पतहमी योजना आली, ३ लाख कोटींची. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के नवं कर्ज, बँकांसाठी व्याजाची कमाल ९.२५ टक्के, मुदत चार वर्षं, पहिलं वर्षभर मुद्दल फेडायची नाही. ज्याचं ५० लाखांचं कर्ज होतं त्याला १० लाख आणि वर्षाची उसंत. हातगाडीवाल्याला १०,०००, पुढच्या महिन्यापासून मुद्दलासह हप्ता आणि दराला मर्यादा नाही. ज्याच्या नावावर आधी काही होतं त्याला जास्त, ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याला कमी आणि महाग. मंदीतून वर येण्याच्या शर्यतीत पहिली रेघच वेगवेगळ्या ठिकाणी आखली गेली. हातगाडीवाल्यालाही सहा महिने मुद्दलाची सूट द्यायला हवी होती.

ही असमान उभारी गाडीसमोरच्या गिऱ्हाइकातही दिसते. २०१८-१९ मध्ये देशात २.१२ कोटी दुचाकी विकल्या गेल्या, २०२४-२५ मध्ये १.९६ कोटी. याच काळात प्रवासी मोटारी ३३.८ लाखांवरून ४३ लाखांवर गेल्या. मोटार घेणारा वर्ग सावरून पुढे गेला, दुचाकी घेणारा सहा वर्षांनीही मागच्या आकड्याला पोचला नाही. आणि हातगाडीवर थांबणारं गिऱ्हाईक मुख्यतः हे दुसरंच आहे. अर्धा किलोऐवजी पाव किलो घेणारं. वरच्या वर्गाचा मोठा भाग भाजी मोबाइलवरून मागवू लागला, तोही गाडीपासून तुटला.

म्हणून मोठ्या कर्जाआधी एक कसोटी लावा. दोन आठवडे रोज रात्री उरलेला माल तोलून वहीत लिहा. ८० किलोतला पाच-सात किलो उरत असेल तर भांडवल कमी पडतंय, पुढचं कर्ज घ्या. वीस किलो उरत असेल तर गिऱ्हाईक कमी आहे. जास्त माल आणून तो सडेलच. तिथे जागा, वेळ किंवा माल बदलायला हवा, कर्ज नको. योजनेची शिडी ही कसोटी लावत नाही, आधीचं फेडलं एवढंच बघते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, दुसरं २५,००० पर्यंत, तिसरं पूर्वीसारखं ५०,०००, कॅशबॅक १,६०० पर्यंत. १२ टक्क्यांनी १५,००० चा वर्षाचा हप्ता १,३३३ रुपये, ५०,००० चा तीन वर्षांचा सुमारे १,६६१. दुसरं कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड मिळतं. पहाटे माल उचलून आठवड्याभरात पैसे भरणाऱ्याला ते सोयीचं आहे. पण सर्वसाधारण कार्डावर पूर्ण बिल भरलं नाही की महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे डायरीच्या निम्म्या वाटेवर पुन्हा येऊन पोचलात. 'किमान रक्कम' भरत राहू नका.

शेवटचा धोका अतिक्रमण कारवाईचा. गाडी उचलली तरी हप्ता थांबत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार जप्त मालाची सही केलेली यादी देणं बंधनकारक आहे. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, नियमाप्रमाणे शुल्क घेऊन परत द्यावा लागतो. यादी तिथल्या तिथे मागा, मिळाली नाही तर गाडीचा आणि मालाचा फोटो काढून त्याच दिवशी विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. प्रमाणपत्राची किंवा शिफारसपत्राची झेरॉक्स गाडीवरच, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, आणि मूळ प्रत घरी.