दोन महिने मी माझ्याच हाताला दोष देत होतो

१/३५ स्केलच्या, म्हणजे खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान अशा मॉडेल सैनिकाचा डोळा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. तो रंगवायला घेतला की माझ्या ब्रशचं टोक ऐनवेळी वाकायचं आणि पांढरा ठिपका डोळ्यात न पडता गालावर पडायचा. पुसा, परत लावा, परत तेच. असे दोन महिने गेले आणि एवढ्या दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की ब्रशच खोटा असेल. नवीन माणसाला हे कळत नाही, आणि नेमकं त्यावरच खोटा माल विकणाऱ्यांचा धंदा चालतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी बरीच वर्षं रणगाड्यांची आणि विमानांची मॉडेलं बनवतोय, एअरब्रश (हवेने रंग फवारायचं साधन) चांगला बसलाय हातात, पण फिगर, म्हणजे माणसाची छोटी मूर्ती, म्हटलं की भीती वाटायची, किटमधले सैनिक तसेच फ्रेमला चिकटलेले डब्यात पडून राहायचे. शेवटी ठरवलं की आता शिकायचंच. एका विक्रीच्या साइटवर शोधताना एका सेलरचा 'बिगिनर फ्रेंडली' सेट दिसला, त्यात एक रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची) फिगर, आठ अ‍ॅक्रिलिक रंग ड्रॉपर बाटलीत, आणि तीन कोलिन्स्की सेबल, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांचे, ब्रश. फोटोत रंगवलेली फिगर इतकी सुंदर होती, चेहऱ्यावरची सावली, कोटाच्या घड्या, की मी बाकी काही बघितलंच नाही. मेसेज केला तर माणूस अगदी गोड बोलला, म्हणाला साइटवरून घेऊ नका, डायरेक्ट पैसे पाठवा, कमिशन वाचेल आणि तेवढं तुम्हाला कमी करून देतो. मी पाठवले. हीच सगळ्यात मोठी चूक, कारण व्यवहार साइटबाहेर गेला की साइटकडे तक्रार करायला जागाच उरत नाही, तिथे ऑर्डरची नोंदच नसते.

पार्सल आलं. फिगर साध्या झिप पिशवीत, ना डबा ना बनवणाऱ्याचं नाव. मला वाटलं लहान कंपनी असेल. रेझिनला नेहमीचं प्लास्टिक सिमेंट चालत नाही हे माहीत होतं (ते पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही, सुपरग्लूसारखं काहीतरी लागतं), त्यामुळे तिथे गडबड झाली नाही. पण खालचा जाड गेट (रेझिन ओतलेल्या जागी उरलेला जास्तीचा तुकडा) कापला आणि बुटाच्या टाचेला भोकं उघडी पडली, आत सगळे बुडबुडे. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांत विरघळल्यासारखी. मानेचा खड्डा आणि डोक्याचा दांडा जुळेना म्हणून मी अर्धा तास घासत बसलो. सेलरला विचारलं तर म्हणाला, "रेझिनमध्ये एवढं चालतंच, पुट्टी भरा." खरंय की थोडेफार बुडबुडे चांगल्या रेझिनमध्येही निघतात, म्हणून मी गप्प बसलो.

मग रंग. अ‍ॅक्रिलिक बाटलीत ठेवला की पाणी वर आणि रंग खाली बसतो, ते नॉर्मल आहे, नीट हलवला की एकजीव होतो. माझा हलवून हलवून हात दुखला तरी दाणेदारच राहायचा. सगळे सांगतात पाणी घालून पातळ कर आणि दोन-तीन पातळ कोट दे. मी पातळ केला तर डाग डाग पडायचे, जाड ठेवला तर कोटाची बटणं बुजून जायची. मी त्या सैनिकाचा चेहरा पाच वेळा धुऊन काढला. सेलरला परत लिहिलं, फोटोसकट. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे आहे: "तुमचा हात नवीन आहे, हळूहळू बसेल." मी ते खरं मानलं. त्या एका वाक्याने मला जितका त्रास झाला तितका पैशाने नाही झाला, कारण मी खरंच ठरवून टाकलं होतं की फिगर आपल्याला जमणार नाहीत, आपण रणगाडेच करावेत.

सुटका झाली ती एका अनुभवी मॉडेलर काकांमुळे. त्यांनी ब्रश हातात घेतला, पाण्यात बुडवून झटकला आणि टोक माझ्यासमोर धरलं. ते दोन फाट्यांत उघडलं होतं आणि एक फाटा आकड्यासारखा वळलेला. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे केस, ते मधे फुगीर आणि टोकाला निमुळते असतात, त्यामुळे पोटात पाणी धरून ठेवतात आणि ओले केले की सुईसारखं टोक येतं. काकांनी चिमट्याने एक केस उपटला आणि काडीच्या ज्योतीला लावला. खरा केस असता तर जळक्या केसाचा वास येऊन चुरा झाला असता. हा वितळला आणि टोकाला छोटासा काळा कडक मणी झाला. तपकिरी रंगवलेलं नायलॉन. सिंथेटिक ब्रश वाईट असतो असं नाही, मेटॅलिक रंगाला आणि ड्रायब्रशिंगला (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला) मी आता तेच वापरतो, पण ते सिंथेटिक म्हणूनच विकायला हवं.

मग त्यांनी बाटलीचं लेबल नखाने उचललं, खाली दुसरं लेबल होतं. ड्रॉपरच्या तोंडात आत निळा रंग वाळलेला आणि बाटलीवर लिहिलंय स्किन टोन. म्हणजे रिकाम्या बाटल्यांत स्वस्त क्राफ्ट रंग भरलेला, ज्याचं पिगमेंट जाडं असतं, भिंतीला किंवा मडक्याला चालेल पण एवढ्याशा चेहऱ्यावर नाही.

आणि फिगर. तीच फिगर काकांकडे ओरिजिनल होती. १/३५ मध्ये पावणेदोन मीटरचा माणूस बरोबर पाच सेंटिमीटरचा होतो. दोन्ही शेजारी ठेवून कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला तर माझी जवळजवळ एक मिलिमीटर बुटकी निघाली. दुसऱ्याच्या फिगरवर सिलिकॉनचा साचा घेऊन परत रेझिन ओततात, त्याला रीकास्ट म्हणतात, प्रत्येक कॉपीत रेझिन थोडं आकसतं आणि डिटेल मऊ होत जातं. मान जुळत नव्हती, बोटं चिकटलेली होती, ते सगळं यामुळे. ज्याने मूळ शिल्प घडवलं त्याला यातून एक पैसा मिळत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तो सुंदर फोटोसुद्धा ओरिजिनलच्या डब्यावरचाच होता.

काकांनी स्वतःचा ब्रश आणि रंगाचा एक थेंब दिला आणि म्हणाले, कर आता डोळा. मी श्वास रोखून, दोन्ही मनगटं टेबलाला टेकवून टोक लावलं, आणि रेष तिथेच पडली जिथे मला हवी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

तुम्ही नवीन असाल तर विकत घेण्याआधी सेलरकडून न रंगवलेल्या भागांचा फोटो मागा, हातात धरून काढलेला. देत नसेल तर सोडून द्या. बनवणाऱ्याचं नाव विचारा आणि त्यांच्या स्वतःच्या साइटवर ती फिगर शोधा. पैसे साइटमधूनच द्या, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि ब्रश त्याच दिवशी ओला करून टोक बघा, दोन महिन्यांनी नाही. सुरुवातीला रेझिन नकोच, किटमध्ये येणारे प्लास्टिकचे सैनिक शिकायला उत्तम आहेत. आणि हो, रेझिन घासताना ते पाण्यात ओलं करून घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जायला नको. हे मला त्या सेलरने कधी सांगितलं नव्हतं.

सेलरला सगळं पुराव्यासकट लिहिल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. गेल्या आठवड्यात नवीन नावाने तोच सेट परत विक्रीला आलाय, तोच रंगवलेल्या फिगरचा फोटो, वरचा कोपरा तसाच कापलेला जिथे डब्यावर कंपनीचं नाव असतं, आणि खाली लिहिलंय 'नवशिक्यांसाठी खास'.