दादाच्या फाईलच्या नावाखाली ८५ हजार गेले, वाचून घ्या

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. दादा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, ड्युटीवर गाडीच्या अपघातात गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी वहिनीच्या मोबाईलवर फोन आला, "बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसमधून सुभेदार बोलतोय ताई." मराठी अगदी आपल्याकडचं. दादाचा आर्मी नंबर, रँक, युनिट घडाघडा सांगितलं आणि म्हणाला २५ लाख एक्स ग्रेशियाची, म्हणजे सरकारी सानुग्रह मदतीची फाईल माझ्याच टेबलावर आहे. आता ड्युटीवरच्या अपघाताला केंद्राचे २५ लाख मिळतात हे दादाच्या युनिटमधनं आलेल्या साहेबांनी पण सांगितलेलं, त्यामुळं आकडा जुळला आणि तिथंच मी गाफील राहिलो. १ टक्का फी म्हणून २५ हजार पाठवले. वहिनी म्हणत होती भाऊजी थांबा, कुणाला तरी विचारा, पण मीच दीडशहाणा.

खरी मेख पुढं आहे. चार दिवसांनी परत फोन, म्हणे तुमची केस स्पेशल फॅमिली पेन्शनची आहे, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के मिळतील, पण मी कागदावर बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला मृत्यू दाखवतो, मग लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन होऊन पूर्ण १०० टक्के, ६० हजार लागतील. लहान दोन पोरं डोळ्यासमोर आली अन् मी डेअरीचे आलेले पैसे त्याला देऊन बसलो. खोटं काम करायला निघालो होतो हे पण कबूल करतो, त्याच लाजेनं तीन दिवस कुणाला बोललो नाही.

शेवटी साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या माजी सैनिक साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अरे मृत्यू कशात धरायचा ते युनिटची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी होऊन वरनं ठरतं, टेबलावरचा सुभेदार काय ठरवणार, आणि यातल्या कशालाच फी नसते, पैसे थेट वीरपत्नीच्या खात्यात येतात. फॉर्म पण त्यांनीच फुकट भरून दिले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली पण उशीर झालेला, खातं रिकामं.

त्याला एवढी माहिती कुठनं मिळाली म्हणून डोकं फुटायची वेळ आली होती. मग एक दिवस चौकातनं जाताना वर बघितलं. श्रद्धांजलीचा बॅनर, त्यावर नंबर, रँक, युनिट सगळं, आणि खाली संपर्क म्हणून वहिनीचा मोबाईल. मजकूर मीच दिलेला. संध्याकाळी शिडी लावून नंबरांवर कागद चिकटवला.